चेकवर न मावणारी अट

हिंजवडीत रीसेलचा फ्लॅट कर्ज काढून घ्यायचा, तर शेवटचा दिवस बहुधा असा जातो. दस्त नोंदणीच्या कार्यालयात एका बाकावर विकणारे, घेणारे, एजंट आणि बँकेचा माणूस टेकलेले असतात. बँकेच्या माणसाच्या फाइलीत विकणाऱ्याच्या नावाचा पे ऑर्डर असतो आणि विकणाऱ्याच्या हातात त्याची झेरॉक्स. नंबर येतो, फोटो निघतात, अंगठे उमटतात, दस्तावर शिक्के बसतात. मग विकणारा घराचे मूळ कागद बँकेच्या माणसाकडे देतो, तो ते पानापानाने तपासतो आणि तेव्हा कुठे पे ऑर्डर फाइलीतून बाहेर येतो.

आता बरेचसे पैसे आरटीजीएसने थेट खात्यात जातात, तरी क्रम हाच. बाकावरच्या त्या दोन तासांत पे ऑर्डरवर सही आहे, शिक्का आहे, रक्कम आहे. तरीही तो अजून दिलेला नाही. ‘दस्त झाला तर’ ही अट त्याला चिकटलेली आहे, पण ती पे ऑर्डरवर कुठेही लिहिलेली नाही. या न लिहिलेल्या अटीवरून आपल्या देशात पाऊणशे वर्षांहून अधिक काळ कोर्टकज्जे चालले आहेत. त्यांचा मागोवा घेतला की घर घेणाऱ्या, उसने देणाऱ्या, भाड्याने राहणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचे काहीतरी हाती लागते.

सुरुवात १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमापासून करावी लागते. विनिमयपत्र असो वा चेक, पैसे देण्याचा आदेश बिनशर्त हवा, हे या कायद्याने पक्के केले. ‘छत गळत नसेल तर देणे’ असे लिहिलेला कागद कायद्याच्या लेखी चेकच नव्हे. पण माणसांचे व्यवहार अटींवरच चालतात, हेही कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. म्हणून कलम ४६ मध्ये त्यांनी एक दार उघडे ठेवले. चेक अटीवर किंवा ठरावीक कामापुरताच हाती दिला होता, असे देणारा आणि घेणारा एकमेकांविरुद्ध सिद्ध करू शकतात. मात्र तोच चेक मोल देऊन, प्रामाणिकपणे घेतलेल्या तिसऱ्याच्या हाती गेला, की ती अट त्याला बांधत नाही. म्हणजे अट चेकवर लिहिता येत नाही, ती चेकच्या बाहेरच ठेवावी लागते. पुढचे बहुतेक वाद या ‘बाहेर’चे आहेत.

चेकवर बँकेनेच ‘पैसे मिळतील’ असा शेरा मारून दिला तर? हा प्रश्न दोन नामांकित बँकांमध्ये पेटला. एक होती सयाजीराव गायकवाडांनी १९०८ मध्ये स्थापलेली बँक ऑफ बडोदा आणि दुसरी १८९४ मध्ये लाहोरात निघालेली पंजाब नॅशनल बँक. बडोदा बँकेच्या एका व्यवस्थापकाने पुढच्या तारखेच्या चेकवर शेरा मारला. मजकुराचा अर्थ असा, की २० जून १९३९ रोजी हा चेक वटेल. त्या शब्दावर विसंबून पंजाब नॅशनलने पैसे मोजले. तारीख उजाडली आणि चेक वटला नाही. भांडण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. १९४४ च्या निकालात लॉर्ड राइट यांनी सांगितले, की असा शेरा म्हणजे चेकचा कायदेशीर स्वीकार नव्हे. शिवाय पुढच्या तारखेच्या चेकला असा दाखला देणे हे व्यवस्थापकाच्या नेहमीच्या अधिकारात बसत नाही. पंजाब नॅशनल हरली.

अमेरिकेत बँकेने चेक प्रमाणित केला की तो देण्याची जबाबदारी बँकेची होते, कायदाच तसा आहे. आपल्याकडे शेऱ्याला ते बळ मिळाले नाही. त्यामुळे लोकांचा विश्वास शेरा मारलेल्या चेकवरून बँकेने स्वतःच काढलेल्या कागदाकडे, डीडी आणि पे ऑर्डरकडे वळला. त्यात देणेकरी ग्राहक नसतो, बँक असते. हिंजवडीच्या बाकावर बँकेचा माणूस फाइल छातीशी धरून बसतो तो यामुळेच. तो कागद एकदा हातून गेला की परत फिरवणे फार अवघड.

मग १ एप्रिल १९८९ उजाडला आणि १८८१ च्याच कायद्यात घातलेले कलम १३८ लागू झाले. तोवर चेक परत आला तर दिवाणी दावा लावायचा आणि वाट बघायची, एवढेच हाती असे. आता तो गुन्हा ठरला. आधी एक वर्षापर्यंत आणि २००२ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चेकला धाक आला. पण त्याच धाकापायी लोक चेक तारण म्हणूनही मागू लागले. उसने देताना कोरा चेक, जागा भाड्याने देताना चेक, कर्ज देताना चेकांचा गठ्ठाच. ‘असू द्या, बँकेत टाकणार नाही’ हे वाक्य प्रत्येक व्यवहारात ऐकू येऊ लागले.

नेमक्या याच काळात, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, मुळशी तालुक्यातल्या हिंजवडी आणि माण परिसरात एमआयडीसीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे राहू लागले. शेतांच्या जागी कंपन्या आल्या, पाठोपाठ घरे आली. विसार, साठेखत, खरेदीखत हे गावचे जुने शब्द आणि ईएमआय, डिस्बर्समेंट हे नवे शब्द एकाच टेबलावर आले. देशभरातून आलेली तरुण मुले आयुष्यातली सर्वांत मोठी रक्कम अनोळखी माणसाच्या हाती चेकने देऊ लागली.

‘तारणाचा’ म्हणून दिलेल्या चेकवर गुन्हा होतो का, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने तुकड्या-तुकड्यांनी दिले. २०१४ मध्ये इंडस एअरवेजच्या प्रकरणात मालाच्या ऑर्डरसाठी आगाऊ चेक दिले होते. माल येण्याआधीच ऑर्डर रद्द झाली. तेव्हा देणेच नव्हते, म्हणून गुन्हा नाही, असे न्यायालय म्हणाले. २०१६ मध्ये कर्जाच्या हप्त्यांसाठी दिलेल्या चेकांबाबत निकाल उलट लागला. करारात ते ‘तारण’ म्हटले असले तरी कर्ज उचललेले होते आणि हप्ते देय झाले होते, म्हणून गुन्हा झाला. २०१९ मध्ये घर-जमिनीच्या साठेखतापोटी दिलेला चेकही याच पंगतीत बसला. २०२२ मध्ये आणखी एक बारकावा आला. मधल्या काळात काही पैसे फेडले असतील आणि तरीही चेक पूर्ण रकमेचाच बँकेत टाकला, तर गुन्हा उभा राहत नाही. फेडलेल्या पैशांची नोंद चेकवर करून उरलेल्या रकमेसाठीच तो टाकायला हवा. या सगळ्या निकालांचा कस एकच आहे. चेकला काय नाव दिले याला महत्त्व नाही. तो बँकेत पडला त्या दिवशी देणे किती होते, हे बघायचे.

खटला कुठे चालवायचा, यावरही हाल झाले. चेक ज्या शाखेवर काढला तिथेच तक्रार करावी, असे १ ऑगस्ट २०१४ रोजी ठरले आणि असंख्य तक्रारी माघारी गेल्या. नोकरी हिंजवडीत, चेकबुक गावाकडच्या शाखेचे, अशांच्या गावात आता घेणाऱ्याने खेटे घालायचे होते. २०१५ मध्ये कायदा बदलून घेणाऱ्याचे खाते जिथे आहे तिथले न्यायालय ठरवले गेले. २०१८ मध्ये खटला चालू असतानाच चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याची सोयही झाली.

अट कागदावर नीट लिहिली तर काय होते, हे बँक गॅरंटीच्या एका निकालात दिसते. वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीचा बिहार सरकारशी वाद होता. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गॅरंटीचा शब्दन् शब्द वाचला. देणे मूळ करारातल्या कलमाशी बांधलेले होते, म्हणून गॅरंटी बिनशर्त नव्हती. ती वटवण्याचा हक्क मुख्य अभियंत्याला होता, मागणी मात्र कार्यकारी अभियंत्याने केली होती. पैसे थांबले. चेकला जे जमत नाही ते गॅरंटीला जमते, कारण तिच्यात अट लिहायला जागा असते.

घर घेणाऱ्यांसाठी हीच जागा शेवटी सरकारने बँक खात्यात केली. १९६३ च्या महाराष्ट्राच्या मोफा कायद्याने बिल्डरला ग्राहकाचे आगाऊ पैसे वेगळ्या खात्यात ठेवायला सांगितले होतेच. २०१६ च्या रेरा कायद्याने त्याला धार आणली. ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे. अभियंता, आर्किटेक्ट आणि सीए यांनी दाखला दिल्यावर, जितके काम झाले त्या प्रमाणातच ते काढायचे. नोंदणीकृत करार होईपर्यंत घराच्या किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घ्यायचे नाहीत. १ जुलै २०२४ पासून महारेराने, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, प्रत्येक प्रकल्पाला एकाच बँकेत तीन खाती सक्तीची केली. ‘काम झाले तर पैसे’ ही तोंडी अट आता खात्याच्या रचनेतच बसली आहे.

मात्र दोन माणसांमधल्या व्यवहाराला रेरा लागू होत नाही. तिथे विसाराचा चेक, मित्राला दिलेला चेक, घरमालकाकडे ठेवलेला चेक आजही शब्दावरच जातो. म्हणून माझे मनापासून सांगणे आहे. चेक लिहायला दोन मिनिटे लागतात, तेव्हा आणखी दहा मिनिटे काढून साध्या कागदावर चेकचा नंबर, तारीख, रक्कम, तो कशासाठी दिला, केव्हा बँकेत टाकायचा आणि केव्हा परत द्यायचा हे लिहा. दोघांच्या सह्या घ्या. पैसे थोडे थोडे फेडत असाल तर प्रत्येक वेळी नोंद करा. काम झाले की चेक मागून घ्या. समोरचा अगदी घरचा असला तरी हे करा. तो घरचा राहावा म्हणूनच हे करायचे.

त्या बाकावरच्या विकणाऱ्याच्या हाती पे ऑर्डरची झेरॉक्स असते. दस्तात त्याच पे ऑर्डरचा नंबर आणि रक्कम उतरलेली असते. म्हणून तो दोन तास निवांत बसू शकतो.