सहा इंचांची तार

माइक बंद, मोर्सची की बाजूला ठेवलेली, तरी प्लेट करंटचा काटा उसळी घेत होता. कुणीही बोलत नसताना हा अ‍ॅम्प्लिफायर कुणाशी बोलतो, ते बघण्यासाठी जालन्यातल्या एका मोटार रिवाइंडिंगच्या दुकानाचा जिना चढावा लागला. खाली पाणबुडी मोटारींची वेटोळी आणि वार्निशचा दरवळ. वरच्या हॅम रेडिओच्या खोलीत मात्र जळक्या कार्बनचा वास भरला होता. तो नंतर कितीतरी वेळ कपड्यांना राहिला.

अ‍ॅम्प्लिफायर घरी बांधलेला, एका 807 व्हॉल्व्हचा. हा 6एल6 या ऑडिओ व्हॉल्व्हचाच भाऊबंद, फक्त प्लेटचं टोक काचेच्या डोक्यावर काढलेलं. दुसऱ्या महायुद्धात तो अमाप बनला आणि पुढे जुन्या लष्करी मालातून हॅम मंडळींच्या हाती आला. त्याच्याकडून काम हवं होतं 7 मेगाहर्ट्झवर. तो मनानंच दीडशेच्या आसपास घुमत होता.

“ही तार किती रे?” दुकानवाल्या काकांनी विचारलं.

कॉलेजातल्या पोरानं पट्टी लावली. “सहा इंच, काका.”

“सहा इंच,” काका म्हणाले. दुपारभर ते हा आकडा घोकत राहिले.

सर्किटच्या चित्रात प्लेटपासून ट्यूनिंगच्या कपॅसिटरपर्यंतची ही तार म्हणजे नुसती एक रेघ. प्रत्यक्षात इंचाला साधारण 20 नॅनोहेन्री धरले, तर सहा इंचांत 0.12 मायक्रोहेन्रीचं कॉइल दडलेलं असतं. व्हॉल्व्हची आणि आसपासची मिळून 10 पिकोफॅरड कपॅसिटी जमेस धरली की दोघांचा सूर 145 मेगाहर्ट्झला जुळतो. प्लेटकडून थोडी ऊर्जा ग्रिडकडे परतली की व्हॉल्व्ह स्वतःच ऑसिलेटर होतो.

उपाय जुनाच: तारेच्या तीन वेढ्यांना समांतर 47 ओहमचा कार्बन रेझिस्टर. 0.1 मायक्रोहेन्रीचे वेढे 7 मेगाहर्ट्झला जेमतेम साडेचार ओहम अडवतात, म्हणून कामाचा करंट त्यांच्यातूनच जातो. दीडशेला तेच वेढे 94 ओहमचे होतात. करंट रेझिस्टरकडे वळतो आणि नको असलेली ऊर्जा तिथं उष्णता होऊन जिरते.

इथं तो रेझिस्टर जळाला होता. पोरानं जागी पांढरा, चिनी मातीचा, पाच वॅटचा बसवला. जास्त वॅट म्हणजे जास्त टिकाऊ, हा त्याचा हिशेब.

काकांनी पक्कडीनं तो फोडला. आत बारीक तार गुंडाळलेली.

“बघ. ज्याला मारायचं, तेच आणून बसवलंस.”

आवाजात राग नव्हता. रोज तारा गुंडाळणाऱ्या माणसाला वेढ्याची ओळख वेगळी सांगावी लागत नाही.

रेझिस्टर बदलून काम भागलं असतं. काकांनी आधी तारेलाच हात घातला, आणि खरी कारागिरी तिथंच दिसली. प्लग काढला, कपॅसिटर अर्थिंगच्या दांडीनं रिकामे केले, मग ट्यूनिंगचा कपॅसिटर उचलून व्हॉल्व्हला खेटून बसवला. तारेऐवजी दोन इंचांची रुंद तांब्याची पट्टी. ग्रिडच्या पिनेलाच छोटा रेझिस्टर. या सरकवासरकवीत दोन तास गेले. सोल्डरला पाच मिनिटं.

सूर कुठे जुळतो ते दाखवणारा डिप मीटर तांब्याच्या पट्टीजवळ धरला. दीडशेला काटा हलला नाही. अडीचशेच्या जवळ खाली पडला.

“अजून आहेच की,” पोरगा म्हणाला.

“आहे. पण 807 साठ मेगाहर्ट्झपर्यंतच पुऱ्या जोरानं चालतो. अडीचशेला त्याच्यात दम कुठला?”

मग नवा कार्बन रेझिस्टर वेढ्यांसकट बसला. काटा या वेळी जरासाच लवला. वीज दिली. पोरानं कोरड्या काठीला बांधलेला निऑनचा दिवा प्लेटजवळ नेला आणि माइक बंद ठेवूनच ट्यूनिंगची दोन्ही बटणं टोकापासून टोकापर्यंत फिरवली. दिवा विझलेलाच राहिला.

काकांनी कापलेली तार मोजपट्टीवर ठेवून पुन्हा एकदा मोजली.