घरासाठी ओटीटी: राजापेठेत ऐकू येणारे सात समज

चित्रपटाच्या धंद्यात आजही ‘सीपी बेरार’ नावाचा वितरणाचा प्रदेश आहे आणि अमरावती हे त्याचं जुनं केंद्र. वऱ्हाडात कोणता सिनेमा कुठे लागणार, हे वितरकांच्या कचेऱ्यांत ठरायचं. आता ओटीटीमुळे ते काम घराघरावर आलं आहे. अमरावतीच्या राजापेठेतल्या मोबाइलच्या दुकानात रिचार्जसाठी उभं राहिलं की त्याबद्दलचे सल्ले आपोआप कानावर पडतात. त्यातले बरेच अर्धवट खरे असतात, आणि तेच खिशाला जड जातात.

गैरसमज १: “रिचार्जात फुकट भेटते ना बावा, मंग काहून पैसे भराचे?”

वस्तुस्थिती: रिचार्जसोबत येणारी वर्गणी बहुतेकदा फक्त मोबाइलपुरती असते. नेटफ्लिक्सचाच मोबाइल प्लॅन पाहा. डिसेंबर २०२१ मध्ये तो १९९ वरून १४९ रुपयांवर आला, पण तो चालतो एका फोनवर किंवा टॅबवर, टीव्हीवर नाही. म्हणजे घरातल्या बुढ्या माणसांना त्याचा काहीच उपयोग नाही. शिवाय एचडी चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा लागतो. रोजच्या दीड-दोन जीबीत अख्खा सिनेमा बसत नाही. आधी घरात वायफाय, मग ओटीटी, असा क्रम ठेवावा. एचडीसाठी एका पडद्याला ५ एमबीपीएस वेग पुरतो, त्यामुळे सर्वांत महागडं कनेक्शन घेण्याचीही गरज नसते.

गैरसमज २: “एकच मोठं घ्या, सारं भेटते त्याच्यात.”

वस्तुस्थिती: मराठी कार्यक्रम वाहिनीनुसार वाटले गेले आहेत. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, झी मराठी झी-फाइव्हवर, सोनी मराठी सोनीलिव्हवर. आजीला ‘ठरलं तर मग’ हवी, बाबांना ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’, आणि कोणाला भारत गणेशपुरेंच्या वऱ्हाडीसाठी ‘चला हवा येऊ द्या’चे जुने भाग, तर एकाच घराला तीन ॲप लागतील. पण घरी केबल किंवा डिश असेल, तर रोजचे भाग ठरल्या वेळी तिथे दिसतातच. मग ओटीटीचे पैसे फक्त चुकलेल्या भागांसाठी जातात. ते द्यायचे का, हे मालिका पाहणाऱ्यालाच विचारावं.

आज जे एका ठिकाणी आहे ते उद्या तिथेच असेल, याचाही भरवसा नाही. एचबीओच्या मालिका ३१ मार्च २०२३ नंतर हॉटस्टारवरून गेल्या आणि जिओसिनेमावर आल्या. १४ फेब्रुवारी २०२५ ला ही दोन्ही ॲप एक होऊन जिओहॉटस्टार झालं.

गैरसमज ३: “पैसे देल्ले म्हणजे जाहिराती बंद.”

वस्तुस्थिती: ते दिवस गेले. ॲमेझॉन प्राइम व्हिडिओवर १७ जून २०२५ पासून वर्गणीदारांनाही जाहिराती दिसतात. त्या नको असतील तर वेगळे पैसे. जिओहॉटस्टारच्या स्वस्त प्लॅनमध्ये जाहिराती असतात, आणि क्रिकेटच्या थेट सामन्यात तर वरच्या प्लॅनमध्येही.

गैरसमज ४: “लेकरू पुण्याले शिकते, त्याले पासवर्ड देऊन देऊ.”

वस्तुस्थिती: नेटफ्लिक्सने २० जुलै २०२३ पासून भारतात एक खातं एकाच घरापुरतं केलं. अमरावतीचं खातं पुण्याच्या खोलीतल्या टीव्हीवर अडू शकतं. प्राइम व्हिडिओने जानेवारी २०२५ पासून पाच उपकरणांची मर्यादा घातली; त्यात टीव्ही जास्तीत जास्त दोन. एका वेळी किती पडदे चालतात, तेही पाहायला हवं. नेटफ्लिक्सच्या १९९ च्या प्लॅनमध्ये एक, ४९९ मध्ये दोन, ६४९ मध्ये चार. रात्री आठ वाजता तुमच्या घरात किती जण वेगवेगळं पाहतात ते मोजा. तेवढेच पडदे घ्या.

गैरसमज ५: “सेन्सॉरनं पास केलं असते ना, लेकराईले पाहू द्या.”

वस्तुस्थिती: सेन्सॉर बोर्ड थिएटरात लागणाऱ्या सिनेमांना प्रमाणपत्र देतं. ओटीटीवरच्या वेबमालिका त्याच्याकडे जात नाहीत. तिथे २५ फेब्रुवारी २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम लागू होतात आणि वयाचा शिक्का कंपनी स्वतःच मारते: यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए. १३+ आणि त्यावरच्या कार्यक्रमांना कुलपाची सोय देणं कंपनीवर बंधनकारक आहे. पण कुलूप लावण्याचं काम आपलं. लेकरांसाठी वेगळं प्रोफाइल करा, मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन घाला आणि तो पिन त्यांच्यासमोर दाबू नका. शिक्का चुकीचा वाटला तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा. त्याला १५ दिवसांत निर्णय द्यावा लागतो.

गैरसमज ६: “वर्षाचं घेतलं तं सस्तं पडते.”

वस्तुस्थिती: वर्षभर पाहणार असाल तरच. घरात एखादं ॲप केवळ आयपीएलसाठी लागत असेल, तर स्पर्धा साधारण दोन महिन्यांची असते. उरलेले दहा महिने कशासाठी भरायचे? मात्र फोनमधून ॲप काढलं म्हणजे वर्गणी बंद झाली, असं होत नाही. पैसे आपोआप कापले जात राहतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२१ पासून अशा कपातीआधी २४ तास सूचना यायला हवी, पण १५ हजारांपर्यंतच्या कपातीला दर वेळी ओटीपी लागत नाही. तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका. यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ची यादी असते, तिथे जाऊन नको ते बंद करा.

गैरसमज ७: “फुकटचं काय पाहाचं?”

वस्तुस्थिती: पुष्कळ आहे. प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ ला गोव्यात ‘वेव्हज’ हे ॲप सुरू केलं. त्यावर दूरदर्शनचा जुना खजिना आहे. एमएक्स प्लेअर जाहिराती दाखवतो, पैसे मागत नाही. स्वप्नील जोशींची ‘समांतर’ तिथेच आली होती. इंटरनेटच नसेल तर २००४ पासून चालू असलेली डीडी फ्री डिश आहे: एकदा तबकडी आणि बॉक्सचा खर्च, मग महिन्याचं भाडं नाही.

सगळा हिशोब मांडला की बहुतेक घरांना दोनच वर्गण्या पुरतात. घरात जी वाहिनी रोज पाहिली जाते तिचं ॲप कायम ठेवावं. दुसरं दर महिन्याला बदलावं, आणि या महिन्यात कोणतं घ्यायचं हे घरच्यांनी पाळीपाळीनं ठरवावं. त्या पाळीत आजीचाही नंबर लागायला हवा.