आकड्यात न मावणारी कळ

माँट्रियल : इथल्या रुग्णालयात दुखण्याला आकडा द्यावा लागतो. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे कल्पनेत येईल तेवढे भयंकर. इमर्जन्सीत परिचारिका फ्रेंचमध्ये किंवा इंग्रजीत हा प्रश्न विचारते. मुलांकडे राहायला आलेले आपल्याकडचे आईवडील ‘पाच’ म्हणताना मी पाहिले आहेत. जास्त सांगणे त्यांना बरे वाटत नाही. मग ते बाकावर ताटकळतात.

याच शहराने वेदनेच्या शब्दांना वैद्यकात मान मिळवून दिला, म्हणून हे जास्त लागते. मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक मूळचे इथलेच. १९५०च्या दशकात अमेरिकेत ओरेगनला काम करताना त्यांना मधुमेहाने पाय गमावलेली एक वृद्धा भेटली. नसलेल्या पायातल्या वेदनेचे ती इतके नेमके वर्णन करी की मेलझॅक रुग्णांचे शब्द टिपून ठेवू लागले. पुढे वॉरन टॉर्गरसन या संख्याशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी त्या शब्दांची प्रतवारी लावली आणि १९७५ मध्ये ‘मॅकगिल पेन क्वेश्चनेअर’ प्रसिद्ध झाली. त्यात ७८ शब्द, २० गटांत.

ही यादी सावकाश वाचावी अशी आहे. थ्रॉबिंग म्हणजे ठसठस, शूटिंग म्हणजे सणक, स्टॅबिंग म्हणजे भोसकल्यागत, नॉइंग म्हणजे आतून कुरतडणारे. काही गटांत शब्द पायऱ्यांनी चढतात : हॉट, बर्निंग, स्काल्डिंग, सिअरिंग. पण मला सगळ्यात मोलाचे वाटतात ते पुढचे शब्द. फिअरफुल, पनिशिंग, क्रुएल, रेचेड. दुखण्याची भीती वाटते, ते कसली तरी शिक्षा वाटते, त्याने जीव केविलवाणा होतो, हेही वेदनेतच मोजायचे असे मेलझॅक यांनी ठरवले. एकूण तीव्रतेसाठी माइल्डपासून एक्स्क्रुशिएटिंगपर्यंत पाच पायऱ्या आहेत, आणि डिस्ट्रेसिंग त्यात मधली. म्हणजे जीव कासावीस झाला तरी वर आणखी दोन पायऱ्या उरतातच.

१९७५ मध्येच इथल्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात डॉ. बाल्फोर माउंट यांनी मरणासन्न रुग्णांसाठी वेगळा विभाग उघडला. कर्करोगाच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या मॉर्फिनयुक्त मिश्रणाने किती आराम पडतो, हे माउंट आणि मेलझॅक यांनी याच शब्दांच्या आधारे तपासले.

आपल्या माणसांचे मात्र अडते. आई म्हणते ठणका लागलाय, चमक मारते, आग होते, मुंग्या येतात. मुलगा डॉक्टरांना सांगतो, ‘शी हॅज पेन’. चार निरनिराळ्या तक्रारी एका शब्दात बुडतात. आग आणि मुंग्या बहुधा मज्जातंतूंकडे बोट दाखवतात, आणि तिथे नेहमीच्या वेदनाशामकांचा फारसा उपयोग होत नाही, औषधेच वेगळी लागतात. तेव्हा दुभाष्याचे काम मुलांनी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आईबापही मुलापुढे दुखणे लपवतात. रुग्णालयाकडे दुभाषी मागावा. तो फोनवर मिळाला तरी चालेल.

मेलझॅक यांच्या प्रश्नावलीची १९८७ची छोटी आवृत्ती १५ शब्दांची आहे. त्यातले चार थकवा, मळमळ, भीती आणि छळ यांबद्दलचे. आईवडील इकडे येण्यापूर्वी ते पंधराही शब्द त्यांच्याजवळ बसून मराठीत वाचावेत, आणि प्रत्येकासमोर त्यांच्या तोंडचा शब्द लिहून तो कागद औषधांच्या यादीबरोबर ठेवावा.