हस्तलिखितही माल आहे, सौदा नीट करा

कापडाच्या बाजारात नमुना पाहिल्याशिवाय कोणी ताका उचलत नाही आणि भाव ठरल्याशिवाय कोणी माल सोडत नाही. पुस्तकाचा प्रश्न आला की मात्र चांगली व्यवहारी माणसेही हे विसरतात.

आमच्या नात्यातील एका तरुणाने यंत्रमाग कामगारांच्या जीवनावर पुस्तक लिहिले. एका प्रकाशकाने छपाईसाठी म्हणून त्याच्याकडून ४० हजार रुपये घेतले आणि तयार करारावर सही करून घेतली. पुस्तक निघाले, पण ५०० प्रती त्याच्याच माळ्यावर येऊन पडल्या. "मामू, आता हे विकू कोणाला?" असे तो विचारू लागला. मी करार वाचला. सर्व भाषांतील सर्व हक्क कायमचे प्रकाशकाचे! पैसे याचे, माल याच्या घरात आणि मालकी दुसऱ्याची. असा सौदा त्याने सुताच्या एका पोत्याचाही केला नसता.

लंडन-न्यूयॉर्ककडे लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये एजंट असतो. तो लेखकाच्या मिळकतीतून साधारण १५ टक्के दलाली घेतो. चांगला एजंट आगाऊ पैसे मागत नाही. सौदा झाला तरच त्याची कमाई. मराठीत लेखकाने थेट प्रकाशकाकडे जाण्याचा रिवाज आहे. म्हणून दलालाचे काम आपणच शिकले पाहिजे.

प्रथम प्रकाशकाची सूची पाहावी. लुंगीच्या व्यापाऱ्यासमोर पैठणी मांडून उपयोग नाही. मग एका पानाचे पत्र लिहावे : विषय काय, पाने किती, वाचक कोण आणि या विषयावर लिहिण्याचा आपला अधिकार काय. सोबत दोन पानांचा गोषवारा आणि दोन-तीन प्रकरणे द्यावीत. मूळ प्रत कधीही हातची सोडू नये. उत्तराला काही महिने लागतात. नकार आला तर पुढचे दार ठोठवावे.

होकार आला की खरी परीक्षा. मानधन छापील किमतीवर की प्रकाशकाच्या हाती पडणाऱ्या रकमेवर, हे आधी विचारावे. २०० रुपयांच्या पुस्तकावर १० टक्के म्हणजे प्रतीमागे २० रुपये. पण दुकानदाराला ४० टक्के सूट देऊन उरलेल्या १२० रुपयांवर तेच १० टक्के धरले तर १२ रुपयेच होतात. हजार प्रतींत आठ हजारांचा फरक!

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १९ लेखकाच्या बाजूचे आहे. हक्क दुसऱ्याला देण्याचा करार लेखी आणि सहीचा असावा लागतो. कोणते हक्क आणि किती मानधन, हे त्यात लिहावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळे काही नसल्यास, तो लेखकाकडे परत येतो. मात्र 'कायमचे' या शब्दाखाली सही केली की पाच वर्षांच्या मुदतीचा आधार उरत नाही. हक्क नोंदणीवर अवलंबून नसतो. तो लिहिताक्षणीच निर्माण होतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे वारसांकडे राहतो. म्हणजे एका सहीने मुलाबाळांचाही वाटा जातो.

तो तरुण आता दुसरे पुस्तक लिहितो आहे. या वेळी सही करण्याआधी करार मला दाखवीन, असे त्याने कबूल केले आहे.