आई दवाखान्यात, चूल बाबांच्या हाती

वस्तीत आरोग्य तपासणीला बसलो की एक वाक्य आम्हाला हमखास ऐकू येते. कुणाला पिशवीचे ऑपरेशन सांगितलेले असते, कुणाचे रक्त फार कमी आलेले असते, कुणाला पोटातल्या गाठीसाठी मोठ्या दवाखान्यात जायचे असते. बाई कागद घडी करून पदराला बांधते आणि म्हणते, "भरती व्हा म्हणतात, पण घरी पोरांचं कोण बघणार?" नवरा शेजारीच उभा असतो. त्यालाही वाईट वाटते. पण तो बोलत नाही, कारण त्याला भात लावता येत नाही.

ऑपरेशन दिवाळीनंतर करू, परीक्षा झाल्यावर करू, असे करत वर्ष जाते. आणि शेवटी बाई भरती झालीच, तर घरी दोनपैकी एक गोष्ट घडते. पोरे आठ दिवस चहा-बिस्किट, वडापाव आणि गाडीवरच्या चायनीजवर राहतात. नाहीतर दहा-बारा वर्षांची मोठी मुलगी शाळा सोडून चुलीपाशी बसते. आईचा आजार मुलीच्या शाळेवर येतो.

म्हणून या वेळचे पान आम्ही घरातल्या बाप माणसासाठी लिहिले आहे. आई दवाखान्यात असो, बाळंतपणाला गेली असो, बहिणीच्या घरी दुःखात गेली असो किंवा दोन दिवस शिबिराला गेली असो, त्या दिवसांत मुलांना काय शिजवून घालायचे, एवढाच हा विषय आहे.

हे काम कमीपणाचे नाही

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या आजाराने स्वतःच्याच घाणीत पडून होता आणि त्याच्याकडे कोणी बघत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. बुद्धांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून अंथरुणावर ठेवले. मग बुद्धांनी भिक्खूंना सांगितले की ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी. ज्या शास्त्याने हे केले, त्याच्या अनुयायाला पोरांसाठी खिचडी लावण्यात लाज कसली?

जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की लग्नानंतर नवऱ्याची गुलाम होऊ नका, त्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभ्या राहा. हे भाषण आपण दर जयंतीला ऐकतो. बरोबरीची पहिली परीक्षा आपल्या स्वयंपाकघरातच असते.

पोट भरणे वेगळे, पोसणे वेगळे

बिस्किटाचा पुडा, कुरकुरे, पाकिटातल्या शेवया यांनी मुलाचे पोट भरते. त्यांत मैदा, तेल, मीठ, साखर भरपूर असते. पण अंग वाढायला लागणारी प्रथिने आणि रक्त वाढवणारे लोह फार थोडे असते. दोन दिवस चालून जाईल. पंधरा दिवस चालले तर मूल किरकिरे होते, वजन उतरते, सर्दी-खोकला लवकर धरतो.

जेवणासोबत किंवा जेवणाच्या आधी-नंतर लगेच चहा देऊ नका. चहामुळे अन्नातले लोह अंगाला नीट लागत नाही. उलट डाळीवर, पोह्यावर लिंबू पिळले तर लोह जास्त लागते.

प्रत्येक जेवणात तीन गोष्टी आहेत का, एवढे बघा. पहिली, भात, भाकरी किंवा चपाती. दुसरी, डाळ, उसळ, अंडे, सुकट किंवा शेंगदाणे. तिसरी, भाजी, लिंबू किंवा एखादे फळ. भातात जे कमी असते ते डाळीत असते आणि डाळीत जे कमी असते ते भातात. म्हणून नुसता भात किंवा नुसती डाळ यापेक्षा दोन्ही मिळून खाल्लेले अंगी लागते. आपल्या घरातले डाळ-भात, भाकरी-पिठले हे गरिबाचे जेवण म्हणून हिणवण्यासारखे नाही. ते पूर्ण जेवण आहे.

चार पदार्थ शिकून घ्या

सगळा स्वयंपाक यायची गरज नाही. चार पदार्थ नीट आले तर आठवडा निघतो.

*खिचडी.* एक मोठे माणूस आणि दोन मुलांसाठी दीड वाटी तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ. दोन्ही दोन पाण्यांनी धुवा. कुकरमध्ये दोन चमचे तेल तापवा, मोहरी टाका. ती तडतडली की जिरे, चिरलेला कांदा, टोमॅटो, चिमूटभर हळद. घरात पालक-मेथी असेल तर मूठभर चिरून टाका. मग डाळ-तांदूळ, मीठ आणि सात वाट्या पाणी. तीन शिट्ट्या, मग गॅस बारीक करून पाच मिनिटे, मग बंद. वाफ आपोआप जाईपर्यंत झाकण उघडू नका. वाढताना लिंबू पिळा. एक-दीड वर्षाच्या मुलासाठी हीच खिचडी बिनतिखटाची करून चमच्याने घोटा आणि वर चमचाभर तेल किंवा तूप घाला.

*पिठले.* एक वाटी बेसन तीन वाट्या पाण्यात गाठी न ठेवता कालवा. कढईत तेल, मोहरी, ठेचलेला लसूण, कांदा, हळद. मुलांसाठी मिरची कमी. कालवलेले पीठ ओता आणि हात न थांबवता हलवत राहा. घट्ट होऊ लागले की मीठ बघून झाकण ठेवा आणि बारीक गॅसवर पाच-सात मिनिटे शिजू द्या. भाकरी थापता येत नसेल तर चौकातल्या पोळीभाजी केंद्रातून भाकऱ्या आणा किंवा भातावर वाढा. त्यात काही बिघडत नाही.

*अंडी.* एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिने असतात. थंड पाण्यात अंडी ठेवून गॅस लावा, उकळी आली की दहा मिनिटे ठेवा. भुर्जी करायची तर कांदा-टोमॅटो परतून अंडी फोडा आणि ओलसरपणा जाईपर्यंत हलवा. कच्चे अंडे हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

*उसळ.* मटकी किंवा मूग रात्री भिजत घाला, सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधा, दुसऱ्या दिवशी मोड येतात. कांदा-लसणाच्या फोडणीत टाकून मऊ होईपर्यंत शिजवा. भिजवायचे राहिले तर सोयाबीनच्या वड्या वापरा. गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवून घट्ट पिळा आणि बटाट्याच्या रश्शात टाका. १०० ग्रॅम कोरड्या वड्यांत ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. मटणाच्या मानाने त्या कितीतरी स्वस्त पडतात.

सकाळी घाई असते. शेंगदाणे घातलेले पोहे, गूळ घातलेली नाचणीची पेज किंवा चपातीला शेंगदाण्याची चटणी लावून केलेली गुंडाळी पुरते. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते, हाडांना चांगले. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. कुटून द्या.

कामावर जाणाऱ्या बापाने काय करावे

आपल्यातले पुष्कळ जण पहाटे पाचला सफाईच्या कामावर, नाक्यावर किंवा रिक्षा घेऊन बाहेर पडतात. सकाळी केलेला भात दुपारी मुलांनी खावा, ही सवय उन्हाळ्यात धोक्याची आहे. शिजलेला भात उकाड्यात दोन तासांपेक्षा जास्त उघड्यावर राहिला की त्यात जंतू वाढून विष तयार होते. ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. उलट्या-जुलाब होतात. ज्यांच्या घरी फ्रीज नाही त्यांनी भात-डाळ एका वेळेपुरतीच करावी. दुपारसाठी चपात्या, शेंगदाण्याची चटणी, केळी, गूळ-दाणे असे टिकणारे ठेवावे.

मूल शाळेत जात असेल तर शाळा बुडू देऊ नका. सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना दुपारचे जेवण मिळते. पहिली ते पाचवीसाठी एका मुलामागे १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम धान्य आणि ३० ग्रॅम डाळ, असे प्रमाण ठरलेले आहे. लहानग्यांसाठी अंगणवाडी आहे. तिथला आहार हा मुलाचा हक्क आहे, उपकार नव्हे. अंगणवाडीताईला सांगून ठेवा की आई घरी नाही.

अंगावर पिणारे बाळ असेल तर

सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचे दूध. आईची तब्येत चालत असेल तर बाळ तिच्याजवळ नेता येते का, हे आधी डॉक्टर-नर्सना विचारा. नाहीतर आईने काढून दिलेले दूध स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात आणावे. थंडाव्यात ते चार तासांपर्यंत चालते. पत्र्याच्या घरात उकाडा असेल तर इतका वेळही ठेवू नये. बाटलीऐवजी वाटी-चमच्याने पाजावे, कारण बाटलीचे बूच नीट धुतले जात नाही. दुसरे कोणतेही दूध डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये.

सहा महिन्यांपुढच्या बाळाला दुधासोबत मऊ खिचडी, कुस्करलेले केळे, शिजवून घोटलेले अंडे चालते. त्याचे पोट लहान असते, म्हणून थोडे थोडे आणि पुष्कळ वेळा द्या.

चूल पेटवताना

मुले आसपास असतील तर कढईचा दांडा आतल्या बाजूला वळवा. कुकर डाळ-तांदळासाठी अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका, शिट्टीचे भोक मोकळे आहे का ते आधी बघा. झोपताना रेग्युलेटर बंद करा. गॅसचा वास आला तर काडी ओढू नका, दिव्याचे बटण दाबू नका. दारे उघडा आणि १९०६ या क्रमांकावर फोन करा. भाजले तर वीस मिनिटे साधे पाणी सोडा. टूथपेस्ट, शाई, हळद लावू नका.

आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगतो. पंचशीलातले पाचवे शील आपण रोज म्हणतो. आई घरी नसते त्या रात्री ते पाळले गेले पाहिजे. विस्तव, कुकर आणि लहान पोरे ज्याच्या भरवशावर आहेत, त्याचे डोके जाग्यावर हवे.

"आईसारखं नाही लागत"

पहिल्या दिवशी खिचडीला खाली लागेल. मीठ जास्त होईल. धाकटा ताट सरकवून म्हणेल, "आईसारखं नाही लागत." रागावू नका. त्याला खिचडीची चव नको असते, आई हवी असते. मोबाईल बाजूला ठेवून त्याच्यासोबत जेवायला बसा, आई कधी येणार ते खरे सांगा. दुसऱ्या दिवशी त्याला मटार सोलायला, लसूण निवडायला बसवा. स्वतः हात लावलेले मूल बहुधा खाते. आणि मुलगा-मुलगी दोघांनाही बसवा. एकट्या मुलीला नको.

शेजारच्या ताई डबा देतील, तो आनंदाने घ्या. वस्तीची तीच ताकद आहे. पण रोजच्या डब्याची वाट बघत बसू नका. त्याही घरी एक दमलेली बाई आहे.

आई घरी आली की काम संपले, असेही नाही. पोटाचे ऑपरेशन झालेल्या बाईने डॉक्टर सांगतील तोपर्यंत पाण्याचा हंडा, सिलिंडर, पिठाचा डबा उचलायचा नसतो. बाळंतिणीलाही विश्रांती हवी असते. त्या दिवसांत शिकलेले चार पदार्थ पुढेही चालू ठेवा.

आमची एक विनंती आहे. आई आजारी पडायची वाट बघू नका. येत्या रविवारी विहारातून वंदना करून आलात की घरच्या बाईला बसवा आणि खिचडी तुम्ही लावा. चुकेल तिथे तिला विचारा, ती बसल्या जागेवरून सांगेल. दोन-चार रविवारांत हात बसेल. मग ज्या दिवशी डॉक्टर भरती व्हायला सांगतील, त्या दिवशी तिला घरचा घोर राहणार नाही. "पोरांचं मी बघतो, तू जा" असे म्हणणारा माणूस शेजारी उभा असेल, आणि ते त्याला खरेच जमत असेल.

नमो बुद्धाय. जय भीम.