सूज उतरली म्हणजे गुडघा बरा झाला असं नाही

लेखांक सहावा : गुडघ्याचं लिगामेंट

मागच्या लेखात घोटा मुरगळण्याविषयी लिहिलं होतं. बर्फ, विश्रांती, पट्टी आणि पुढे थोडा व्यायाम, एवढ्यावर बहुतेक घोटे मार्गी लागतात. तोच अनुभव मनात धरून आपण गुडघ्याकडे बघतो आणि तिथेच फसतो. घोट्याची सूज उतरली की निम्मं काम झालेलं असतं. गुडघ्याची सूज उतरते, तेव्हा खऱ्या दुखण्याला अजून कुणी हातही लावलेला नसतो.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात लिगामेंट जायला निमित्तं भरपूर आहेत. थंडी पडली की अंबरनाथ तालुक्यातल्या गावांत कबड्डीचे सामने लागतात. शहरात जागोजागी टर्फ झालेत. दिवसभर खुर्चीत बसलेली मंडळी रात्री अंग न तापवता तिथे थेट बॉक्स क्रिकेट खेळायला उतरतात. पावसाळ्यात खड्डा चुकवताना दुचाकी घसरते, दहीहंडीला थर कोसळतो, आणि लोकल पुरती थांबायच्या आत फलाटावर उडी टाकणारे तर रोजचेच.

कबड्डीतला प्रसंग नीट बघण्यासारखा आहे. चढाई करणारा गडी गुण घेऊन परत फिरलाय, मध्यरेषा दोन हातांवर आहे. तेवढ्यात कोपऱ्यातला खेळाडू झेप घेऊन त्याचा घोटा धरतो. पाऊल जागच्या जागी अडकलं, अंग मात्र मध्यरेषेकडे वळलंय, आणि मधला गुडघा किंचित वाकलेला, आत झुकलेला. त्या क्षणी आतून 'खट्' असा आवाज होतो. गुडघ्याला कुणी मारलेलं नसतं, कुणाचा धक्काही लागलेला नसतो. बरेचसे एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं पुढचं लिगामेंट, असेच तुटतात : पाय रोवलेला असताना वळताना, उडी मारून उतरताना, किंवा जोरात धावताना एकदम थांबताना. टर्फवर बुटाची पकड घट्ट बसते. मातीत पाय जरा सरकतो, इथे तो सरकत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो.

गुडघ्याला मुख्य लिगामेंट चार. दोन सांध्याच्या आत, एकमेकांना छेद देणारी : पुढचं एसीएल आणि मागचं पीसीएल. दोन बाजूंना : आतल्या अंगाला एमसीएल, बाहेरच्या अंगाला एलसीएल. एसीएल जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर लांबीचं असतं. नडगीचं हाड मांडीच्या हाडाखालून पुढे सरकू नये आणि वळताना गुडघ्याला वेडावाकडा पीळ बसू नये, हे त्याचं काम. दुचाकीवरून पडून वाकलेल्या गुडघ्याखाली, नडगीच्या वरच्या टोकावर समोरून मार बसला, तर बहुधा पीसीएल जातं. बाहेरच्या बाजूने धडक बसली तर एमसीएल. म्हणून दवाखान्यात गेल्यावर 'गुडघा दुखतोय' एवढ्यावर थांबू नका. पाय कुठे होता, शरीर कुठे वळलं, आवाज आला का, सूज किती वेळात आली, हे सांगा. निम्मं निदान या उत्तरांतच असतं. आवाज आला आणि दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगला, तर सांध्यात रक्त साचलंय असं धरून चालावं, आणि त्याचं सगळ्यात मोठं कारण एसीएल तुटणं हेच आहे.

पुढे काय होतं? एक्स-रे काढला जातो आणि तो बहुधा नॉर्मल येतो. घरी निरोप जातो, 'हाड मोडलं नाही, वाचलो.' एक्स-रे काढायलाच हवा, पण त्यात हाडं दिसतात, लिगामेंट दिसत नाही. मग क्रेप बँडेज, वेदनाशामक गोळ्या, आणि कुणीतरी हमखास सुचवलेली मालिश. ताज्या दुखापतीत गुडघा चोळू नये, ओढून 'बसवू' नये आणि पहिले दोन-तीन दिवस शेकूही नये. दोन-तीन आठवड्यांत रक्त जिरतं, सूज ओसरते, सरळ रस्त्यावर चालता येतं. लिगामेंट तुटलेलंच असतं, पण सरळ चालायला एसीएलची फारशी गरज लागत नाही. गरज लागते ती वळताना. बदलापूर स्टेशनच्या गर्दीत कुणीतरी धक्का दिला, जिना उतरताना कुणी हाक मारली म्हणून मागे वळलो, आणि गुडघा सटकला. आपल्याकडे पेशंट हेच बोलतात : 'पाय दगा देतो', 'गुडघ्यावर भरवसा राहिला नाही.' हे ऐकलं की डॉक्टरांचे कान टवकारले पाहिजेत.

माझी सगळी तळमळ या दुसऱ्या सटकण्यासाठी आहे. पहिल्या वेळी लिगामेंट गेलं. पुढच्या प्रत्येक सटकण्यात दोन हाडांमधली गादी, म्हणजे मेनिस्कस, चिरडली जाते. मोठ्या माणसात या गादीच्या बाहेरच्या कडेलाच रक्तपुरवठा असतो. आतला भाग फाटला की तो आपोआप सांधत नाही. गादी गेली की हाडाची गुळगुळीत कूर्चा झिजायला लागते आणि तिशी-पस्तिशीतच म्हातारपणाचा गुडघा वाट्याला येतो. पहिली दुखापत नशिबाची म्हणू या. दुसरी बहुतेक वेळा टाळता येण्यासारखी असते.

निदानासाठी लगेच महागड्या यंत्राकडे धावायची गरज नसते. लॅकमन चाचणी म्हणून एक साधी तपासणी आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या जॉन लॅकमन यांच्या नावाने ती ओळखली जाते. १९७६ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी ती लिहून प्रसिद्ध केली. पेशंट उताणा झोपलेला, गुडघा वीस ते तीस अंशात वाकवलेला. डॉक्टर एका हाताने मांडी स्थिर धरतात आणि दुसऱ्या हाताने नडगी वरच्या टोकाशी पकडून पुढे ओढतात. लिगामेंट शाबूत असेल तर नडगी थोडी हलते आणि ठामपणे अडते. तुटलं असेल तर ती पुढे सरकत जाते, अडकाव हाताला लागतच नाही. चांगल्या पायाशी तुलना केली की फरक पेशंटलाही कळतो. ताज्या दुखण्यात मांडीचे स्नायू आखडलेले असतात, म्हणून दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा तपासून घ्यावं. एमआरआय लागतो तो निदानाची खात्री करायला, गादी आणि बाकीची लिगामेंट बघायला. गुडघ्याला हात न लावता नुसता रिपोर्ट वाचून कुणी ऑपरेशनची तारीख देत असेल, तर दुसरं मत घ्या.

एक अपवाद मात्र ध्यानात असू द्या. अपघातात गुडघा सांध्यातून निखळला असेल आणि पाऊल गार, पांढरं किंवा बधिर पडत असेल, तर वाट बघू नका. गुडघ्यामागची रक्तवाहिनी दुखावली असेल, तर सहा-आठ तासांच्या आत रक्तपुरवठा सुरू झाला नाही तर पाय गमवायची वेळ येते. ऋषभ पंतचा ३० डिसेंबर २०२२ चा मोटार अपघात आठवत असेल. त्याचा उजवा गुडघा असाच निखळला होता. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईच्या कोकिलाबेन रुग्णालयात डॉ. दिनशॉ पारडीवाला यांच्या पथकाने त्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया केली आणि मार्च २०२४ मध्ये तो आयपीएलमध्ये पुन्हा यष्टीमागे उभा राहिला. मध्ये जवळपास पंधरा महिने गेले.

आता उपचार. एमसीएल सुटंच दुखावलं असेल तर बिजागरीचा पट्टा आणि व्यायाम यावर ते बहुतेक वेळा भरून येतं. एकट्या पीसीएलचंही पुष्कळदा ऑपरेशनशिवाय भागतं. खरा प्रश्न एसीएलचा. तुटलेलं एसीएल क्वचितच आपोआप जुळतं, पण म्हणून प्रत्येकाला ऑपरेशन लागतं असंही नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या एका अभ्यासात १२१ तरुण पेशंटांचे दोन गट केले होते. एकाचं लवकर ऑपरेशन आणि मग व्यायाम, दुसऱ्याचा आधी व्यायाम आणि गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे सारखेच चालत होते. पाच वर्षांत दुसऱ्या गटातल्या साधारण निम्म्या लोकांनी ऑपरेशन करून घेतलं, उरलेल्या निम्म्यांना ते लागलंच नाही. उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यात मशीनवर बसून काम करणाऱ्याचा गुडघा व्यायामानंतर सटकत नसेल, तर त्याने कर्ज काढून ऑपरेशन करायची घाई करू नये. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत शिडीवर चढणारा, कबड्डी खेळणारा, गादी फाटलेला किंवा व्यायाम करूनही गुडघा सटकणारा माणूस असेल, तर त्याने ते जरूर करावं. गुडघा अडकून सरळच होत नसेल तर लवकर. एरवी सूज उतरून गुडघा पूर्ण सरळ व्हावा, मांडीत ताकद यावी, मग ऑपरेशन.

दुर्बिणीच्या या ऑपरेशनमध्ये तुटलेलं लिगामेंट सहसा शिवत नाहीत. पेशंटच्याच मांडीमागची स्नायुबंधाची शीर काढून तिची जाड घडी करतात आणि हाडांत बोगदे पाडून ती नव्या लिगामेंटच्या जागी बसवतात. ही घडी सुरुवातीला निर्जीव असते. तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरायला, ती हाडाला धरायला काही महिने लागतात, आणि मधल्या काळात ती आधीपेक्षाही कमजोर होते. नेमकं तेव्हाच, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, दुखणं थांबतं, सूज नसते आणि पोरगा म्हणतो, 'मी एकदम ओके आहे.' म्हणजे पहिल्यांदा केली तीच गफलत पुन्हा. नॉर्वेमधल्या २०१६ च्या अभ्यासात दिसलं, की नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतणं जितकं लांबवलं, तितकी पुन्हा दुखापतीची शक्यता दर महिन्यामागे साधारण निम्मी होत गेली. सांगलीच्या स्मृती मानधनाला जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात एसीएलची दुखापत झाली आणि जूनमध्ये तिने विश्वचषकात डर्बीला ९० आणि टाँटनला नाबाद १०६ धावा केल्या. तिच्या जिद्दीला सलाम. पण राष्ट्रीय खेळाडूमागे दिवसभर फिजिओ आणि प्रशिक्षक असतात. आपल्या पोरांनी तिच्या कॅलेंडरवर स्वतःची तारीख ठरवू नये. नऊ महिने पूर्ण झाले, मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या नव्वद टक्क्यांवर आली आणि एका पायावरच्या उड्यांची चाचणी जमली, की मगच मैदान.

आपल्याकडे घोडं अडतं ते फिजिओथेरपीपाशी. ऑपरेशन कळव्याला, शीवला किंवा केईएमला होतं. मग आठवड्यातून तीनदा कुबड्या घेऊन लोकलने जाणार कोण? दिवसाचा रोज बुडतो, सोबतीला आलेल्या माणसाचाही बुडतो, आणि दुसऱ्या महिन्यात व्यायाम सुटतो. ऑपरेशन कुठेही करा, फिजिओ मात्र घराजवळचा शोधा आणि सर्जनकडून दर टप्प्याचा व्यायाम कागदावर लिहून घ्या. खर्चासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे चौकशी करा, तुमचा उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो का ते तो सांगेल. अंबरनाथला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. कामावरून परतणाऱ्यांसाठी तिथे संध्याकाळची फिजिओथेरपी हवी, ही मागणी आपल्या लोकप्रतिनिधींनी लावून धरावी.

आणि कबड्डी मंडळांना एक विनंती. उडी मारून गुडघा आत न झुकवता उतरणं, एका पायावर तोल धरणं, मांडीची ताकद, असा वीस मिनिटांचा सराव आठवड्यातून दोन-तीनदा केला तर दुखापती लक्षणीय घटतात, हे फुटबॉलमधल्या अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. मुलींमध्ये एसीएल तुटायचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं, तेव्हा शाळेच्या खो-खो आणि कबड्डी संघांत तर हा सराव आधी सुरू करा. यंदाच्या स्पर्धेत एक चषक कमी ठेवा आणि त्या पैशात मैदानावर एक फिजिओ बसवा.

पुढच्या आठवड्यात : निखळलेला खांदा.