दप्तराची दुसरी प्रत आणि चुंबकीय फीत

दिनांक २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या इमारतीस आग लागली आणि अनेक विभागांचे कागद भस्मसात झाले. पालघर जिल्ह्यातही धोके आहेतच. डहाणू-तलासरी भागाला नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांनी हैराण केले. बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने दाटीने उभे आहेत. अशा ठिकाणी संगणकातील नोंदींची प्रत त्याच खोलीतील दुसऱ्या यंत्रावर ठेवणे पुरेसे नाही. चुंबकीय फीत काढून परगावी नेता येते, हा तिचा मोठा गुण. २०२१ साली आलेल्या एलटीओ-९ प्रकारच्या, तळहातावर मावणाऱ्या एका डबीत १८ टेराबाइट माहिती साठते.

युनिक्सच्या वळणाच्या प्रणालींत प्रत्येक उपकरण फाइलप्रमाणे नावाने ओळखले जाते. लिनक्समध्ये पहिल्या टेप ड्राइव्हला ‘एसटी-शून्य’ व ‘एनएसटी-शून्य’ अशी दोन नावे असतात. यंत्र एकच, वागणूक मात्र भिन्न. पहिल्या नावाने लिहिल्यास काम संपताच फीत आरंभापर्यंत मागे गुंडाळली जाते. दुसऱ्या नावाने ती जेथल्या तेथे थांबते. लिपिकाने सोमवारी आवक नोंदवहीचे पहिले पान भरले आणि मंगळवारी त्याच पानावर पुन्हा लिहिले, तर काय होईल? पहिले नाव वापरून रोज प्रत घेणाऱ्या कार्यालयात नेमके हेच घडते, आणि संगणक चकार शब्द काढीत नाही! एका फितीवर अनेक दिवसांच्या प्रती हव्या असल्यास दुसरेच नाव योजावे. फीत काढून पुन्हा घातल्यास ती आरंभाशीच असते; म्हणून लिहिण्यापूर्वी ‘एमटी’ आज्ञेने ती शेवटच्या नोंदीपलीकडे न्यावी.

प्रत उतरविण्याचे काम ‘टार’ ही आज्ञा करते. युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासून ती प्रचारात आहे. फितीवर माहिती ठराविक आकाराच्या ठोकळ्यांत लिहिली जाते. लिहिताना ठेवलेला आकार वाचताना न जुळल्यास चांगली फीतही वाचता येत नाही. तो आकार, दिनांक व संगणकाचे नाव डबीवर लिहावे.

प्रत घेतली एवढ्यावर समाधान मानू नये. महिन्यातून एकदा फितीवरील एखादी फाइल वेगळ्या जागी उतरवून उघडून पाहावी; शक्यतो दुसऱ्या ड्राइव्हवर. किनाऱ्याची दमट हवा फितीस मानवत नाही, म्हणून ती कोरड्या, थंड कपाटात ठेवावी. परगावची प्रत बोईसरहून पालघरला पाठविणे सोयीचे खरे, परंतु ती घाटापलीकडे, नाशिकसारख्या ठिकाणी असलेली बरी.